तळटीप ७ : हिरव्या टोकनांची वाटणी

७. हा उल्लेख ब्रिटनमधल्या वेटरोज या सुपरमार्केटने २००८ मध्ये सुरू केलेल्या योजनेचा आहे. बिल झालं की कॅशियर नाण्याएवढं हिरवं प्लॅस्टिकचं टोकन हातावर ठेवायचा. दाराजवळच्या पारदर्शक पेटीला तीन कप्पे असत आणि प्रत्येकावर परिसरातल्या एका संस्थेचं नाव. शाखेने महिन्यासाठी बाजूला काढलेले १००० पौंड टोकनांच्या प्रमाणात तिन्ही संस्थांना वाटले जात. लेखकाने याला ‘ग्राहकांचं दान’ म्हटलं आहे, ते मला पटत नाही. पेटी भरली काय नि अर्धी राहिली काय, रक्कम तेवढीच. ग्राहकाच्या हाती होती ती फक्त वाटणी, तीही दुकानाने आधीच ठरवलेल्या तीन नावांपुरती.

अशाने लोकप्रिय संस्थाच जिंकतात, हा आक्षेप रास्त आहे. व्यसनमुक्ती केंद्रापेक्षा आजारी मुलं किंवा भटकी कुत्री चटकन काळजाला भिडतात. मात्र प्रमाणशीर वाटणीत मागे पडलेल्या संस्थेच्या पदरातही काही पडतं, शिवाय तिचं नाव रोज शेकडो लोकांच्या नजरेखालून जातं. इतकी प्रसिद्धी छोट्या संस्थेला एरवी परवडणारी नसते. याउलट, टेस्को या दुसऱ्या सुपरमार्केटने २०१५ पासून पिशव्यांवरच्या ५ पेनी शुल्कातून दिलेली अनुदानं टोकनांवरून लागणाऱ्या क्रमांकानुसार ठरत. तिथे पैसा ग्राहकांच्याच खिशातला, म्हणून ‘दान’ हा शब्द जास्त शोभतो; पण मोजक्या टोकनांच्या फरकाने मोठी रक्कम हुकू शकते. वाटणीपुरतं पाहिलं तर वेटरोजची रीतच अधिक न्याय्य होती. — संपादक