सर्व्हर एक, मशीन वीस, किल्ल्या कुणाकडे?

समजा, नांदेडच्या एखाद्या विभागात एक सर्व्हर आहे आणि त्यावर वीस व्हर्च्युअल मशीन चालतात. त्यातलं एक लातूरच्या उपपरिसरातल्या संशोधक विद्यार्थिनीचं. तिचं सिम्युलेशन अकरा दिवसांपासून सुरू आहे. ते मशीन बंद करायचा अधिकार कुणाला असावा? बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं, ‘ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याला’. आणि पासवर्ड सगळ्यांनाच माहीत असतो! हा प्रश्न साठ वर्षं जुना आहे, म्हणून थोडा इतिहास बघू.

१९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकच संगणक अनेकांनी वापरायचा, म्हणजे कुठली फाइल कुणाची हे ठरवणं आलं. म्हणून प्रत्येकाला खातं आणि पासवर्ड. पण १९६२ मध्येच ॲलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला संगणकाचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली. (संशोधक विद्यार्थी सगळीकडे सारखेच.)

१९६६ चा किस्सा त्याहून बोलका आहे. सीटीएसएसचा एडिटर तात्पुरत्या फाइलला ठरलेलं एकच नाव द्यायचा, कारण एका खात्यात एका वेळी एकच माणूस असणार हे गृहीत होतं. प्रणाली सांभाळणाऱ्यांना मात्र यातून सूट मिळाली. एक जण रोजची सूचना बदलत होता, त्याच वेळी दुसरा पासवर्डची यादी. फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सगळ्यांचे पासवर्ड आले. गैरकृत्य कुणीच केलं नव्हतं. सामायिक ॲडमिन खात्याचा धोका नेमका हाच.

पुढे आयबीएमने प्रत्येकाला स्वतंत्र आभासी यंत्रच द्यायला सुरुवात केली. १९७२ च्या व्हीएम/३७० मध्ये अधिकारांचे ‘ए’ ते ‘जी’ असे वर्ग होते. ‘ए’ वर्गाचा ऑपरेटर अख्खी प्रणाली बंद करू शके. ‘जी’ वर्गाच्या सामान्य वापरकर्त्याचा हुकूम स्वतःच्या मशीनपुरता. ‘ई’ वर्गाचा विश्लेषक खरी मेमरी बघू शके, पण ती बदलायचा अधिकार ‘सी’ वर्गाकडे. बघणं वेगळं, बदलणं वेगळं.

मराठवाड्याला हे नवीन नाही. निजामाच्या राज्यात गावची वसुली माली पाटलाकडे, बंदोबस्त पोलीस पाटलाकडे आणि दप्तर पटवाऱ्याकडे. हुकूम एकाचा, नोंद दुसऱ्याच्या हातात. ही पदं एकाच घरात गेली की काय होतं, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा.

आजच्या प्रॉक्समॉक्समध्ये परवानगी तीन गोष्टींनी ठरते: कोण, कोणत्या मशीनवर आणि कोणत्या भूमिकेत. लातूरच्या विद्यार्थिनीला तिच्या मशीनवर चालू-बंद आणि कन्सोल पुरे. गाईडला नुसतं पाहता आलं तरी चालतं. रूट रोजच्या कामाला वापरायचाच नाही. यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. एक दुपार बसून खाती नीट करावी लागतात.

ती दुपार टाळली, सगळेच रूट राहिले, आणि बाराव्या दिवशी मशीन बंद दिसलं, तर नोंदीत ‘रूट’ एवढंच सापडतं. संशय मात्र वीसही जणांवर येतो.