नावाड्याची विद्या आणि प्रवाशाची दृष्टि

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड आणि आग्नेयेस ईस्टर बेट, असे तीन बिंदु रेषांनीं जोडले असतां जो विशाल त्रिकोण होतो, त्यास पॉलिनेशिया म्हणतात. त्यांत भूमि मूठभर आणि पाणी अफाट. तरीहि तेथील मूळच्या लोकांचें कूळ एकच. नौकेला न्यूझीलंडचे माओरी ‘वाका’ म्हणतात; ताहितींत व हवाईंत तिलाच ‘वाआ’ असें नांव आहे.

१७७८ च्या जानेवारींत कॅप्टन कुक हवाई बेटांस पोंचला, तेव्हां ताहितीसारखीच भाषा तेथें ऐकून तो चकित झाला. एकच राष्ट्र एवढ्या सागरावर पसरलें कसें, हा प्रश्न त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवला. वास्तविक, याचें उत्तर देऊं शकणारा मनुष्य पूर्वीं त्याच्याच जहाजावर होता. १७६९ सालीं रायातेआ बेटाचा तुपैया नांवाचा पुरोहित ताहितीहून कुकबरोबर निघाला. अनेक दूरच्या बेटांचीं नांवें त्यास मुखोद्गत होतीं, आणि न्यूझीलंडांत माओरींशीं बोलतांना त्यास दुभाषा लागला नाहीं. परंतु १७७० सालीं बटाव्हिया येथें तो मरण पावला.

पुढें तर्कांना ऊत आला. १९४७ सालीं नॉर्वेच्या थोर हेयरदाल यानें ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून प्रवास केला व हे लोक अमेरिकेकडून आले असें प्रतिपादिलें. १९५६ सालीं अँड्र्यू शार्प यानें दूरच्या बेटांवरील वसाहत हा भरकटलेल्या नौकांचा योगायोग ठरविला. एकानें सारा भार प्रवाहावर टाकला, दुसऱ्यानें दैवावर. नावाड्याच्या विद्येस महत्त्व कोणीच दिलें नाहीं.

ती विद्या सिद्ध करण्यासाठीं ‘होकुलेआ’ ही जोडनौका बांधण्यांत आली. पण ती चालवावी कोणीं? हवाईंत जुना मार्गदर्शक उरलाच नव्हता. अखेर मायक्रोनेशियांतील सातावाल या चिमुकल्या बेटावरून माऊ पियाइलुग यांस पाचारण झालें. १ मे १९७६ रोजीं नौका निघाली. तारे, लाटांची ठेवण आणि पक्ष्यांचें उड्डाण एवढ्यावरच विसंबून सुमारें ४,००० किलोमीटर ओलांडून ४ जूनला ती ताहितीस पोंचली. १९७८ सालीं ती वादळांत उलटली. मदत आणावयास फळीवरून एकटाच निघालेला एडी ऐकाऊ पुन्हां दिसला नाहीं. तथापि लोक मागें हटले नाहींत. १९८० सालीं माऊंचा हवाईयन शिष्य नैनोआ थॉम्पसन यानें यंत्रांवांचून ताहितीस जाऊन परतीचा प्रवासहि केला.

‘हुला’ नृत्याची कथाहि अशीच आहे. प्रवाशास तो करमणुकीचा नाच वाटतो. वस्तुतः लिपि नसलेल्या काळीं देवांच्या व राजांच्या कथा त्याच्या पठणांतच जतन होत. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांस तो अमंगल वाटला, आणि १८३० सालीं राणी काअहुमानूनें त्याच्या जाहीर प्रयोगांस मनाई केली. १८८१ च्या पृथ्वीप्रदक्षिणेंत कलकत्ता व मुंबई पाहून गेलेला राजा कालाकाऊआ यानें १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकांत तो उघडपणें करविला. दहाच वर्षांनीं, १८९३ सालीं, त्याची बहीण राणी लिलिउओकालानी पदच्युत झाली. १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षण इंग्रजींत बांधलें गेलें. हवाईयन भाषेस राजभाषेचें स्थान मिळावयास १९७८ साल उजाडावें लागलें.

पुष्पमाला गळ्यांत घालून उतरणाऱ्या प्रवाशास हें ठाऊक असलें, तर समुद्रकिनाऱ्यावरील नौका त्यास निराळी दिसेल. कुकचा प्रश्न योग्यच होता. परंतु त्याचें उत्तर तेथील लोकांकडेच होतें, आणि तें ऐकून घेण्यास जगाला दोनशें वर्षें लागलीं.