दिमडीचे कातडे आणि मालकीचा कागद

मगरीच्या किंवा अजगराच्या कातड्याची पर्स एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची वा विकायची, तर 'साइटिस' कराराचे परवाने आडवे येतात. १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या या करारात भारत १९७६ मध्ये सामील झाला. उमरग्याच्या वाचकाला हा श्रीमंतांचा विषय वाटेल. परंतु आपल्या भागात हाच प्रश्न वाघ्याच्या दिमडीपाशी येऊन ठेपतो.

दिमडी म्हणजे लहानसे लाकडी कडे, एका तोंडाला कातडे मढवलेले. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. खंडोबाच्या जागरणात ती वाजते. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आपल्याच हैदराबाद रस्त्यावर, तर आदिमैलार बिदरजवळ. ही सगळी ठाणी एकेकाळी हैदराबाद संस्थानात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात आणि बिदर म्हैसूर राज्यात गेला. वाघ्याची वाट तीच राहिली. मध्ये राज्याची सीमा आली.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. संरक्षित प्राण्यापासून केलेली वस्तू घरात असेल, तर कायदा लागू झाल्यापासून ३० दिवसांत तिची नोंद द्यायची आणि मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे, अशी तरतूद होती. १९८६ च्या दुरुस्तीने अशा वस्तूंच्या व्यापारावर बंदी आली. २००३ पासून तर प्रमाणपत्र असले तरी वस्तू विकता येत नाही. ती वारशाने मिळू शकते, पण वारसाने ९० दिवसांत कळवले पाहिजे. परराज्यात नेली तर ३० दिवसांत तेही कळवायचे. घोरपड आज पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

कायद्याचा हेतू योग्यच आहे. मागणी थांबल्याशिवाय घोरपड वाचणार नाही. प्रश्न त्या ३० दिवसांचा आहे. ज्याच्या दिवाणखान्यात वाघाचे कातडे होते, त्याला वकील गाठणे जड नव्हते. गावोगाव कोटंबा घेऊन फिरणाऱ्याला ही मुदत कोण सांगणार होते? सरकारने २००३ मध्ये पुन्हा १८० दिवसांची संधी दिली. आजोबांची दिमडी जपणाऱ्या नातवाला ती ठेव वाटते. कागद नसेल तर कायद्याच्या लेखी तो मुद्देमाल ठरतो.

आपल्याकडे कागदाचे वावडे नाही. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. ती आलटूनपालटून दोन्हीकडे असते आणि नेण्या-आणण्याचा लेखी करार मानकरी करतात. देवाचा प्रवाससुद्धा कागदावर होतो.

आता बकरीच्या कातड्याच्या दिमड्या वाजतात, जागरण अडत नाही. जुनी दिमडी कोणाच्या घरी असेल तर ती विकू नये, परगावी नेऊ नये. आधी प्रमाणपत्र शोधावे आणि जाणकार वकिलाचा सल्ला घेऊन मगच वन विभागाकडे जावे. तिचा नाद मात्र आजच ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्याला परवाना लागत नाही.