औषधदान आणि शाळेची नोंदवही : शिरूर-दौंड परिसरातील बालआरोग्याचा मागोवा

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही जैन परंपरेने सांगितलेली चार दाने होत. शास्त्रदानाच्या प्रेरणेतून समाजाने पाठशाळा व विद्यालये उभारली, औषधदानाच्या प्रेरणेतून धर्मार्थ दवाखाने काढले. ही दोन्ही दाने बहुधा वेगवेगळ्या इमारतींत नांदली. मात्र ज्या ठिकाणी त्यांची खरी गाठ पडते ते स्थान म्हणजे प्राथमिक शाळा. सहा-सात वर्षांचे मूल दिवसाचे पाच-सहा तास आईच्या नजरेआड, गुरुजी व बाईंच्या स्वाधीन असते. त्या वेळात त्याला ताप भरला, धाप लागली किंवा अंगावर पित्त उठले तर काय करावयाचे, हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक पिढीने निराळे दिले. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या आसमंतातही या उत्तरांचा इतिहास वाचता येतो.

साथींचा काळ

शिरूर म्हणजे घोडनदीच्या काठी इंग्रजांच्या लष्करी छावणीभोवती वाढलेली बाजारपेठ, तर दौंड हे भीमेकाठचे रेल्वेचे मोठे जंक्शन. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंडचे महत्त्व वाढले. व्यापारासाठी मारवाड व गुजरातेतून आलेली अनेक जैन कुटुंबे अशाच पेठांच्या आश्रयाने या मुलखात स्थिरावली. परंतु ज्या वाटांनी माल व माणसे आली त्याच वाटांनी साथीही आल्या.

१८९६ साली मुंबईत प्लेग प्रकटला आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात त्याने थैमान मांडले. त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी आश्रय दिला होता. प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा रमाबाईंनी त्यांना दौंड तालुक्यातील केडगाव येथील आपल्या शेतावर हलविले. तात्पुरत्या निवाऱ्यापासून आरंभ झालेली ही वसाहत पुढे मुक्ती सदन म्हणून प्रसिद्धीस आली. उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना शिकवावयाचे तर आधी त्यांना जगवावे लागते, हे या तालुक्याने तेव्हा पाहिले.

त्याच वर्षी पुण्याजवळ घडलेली दुसरी घटना महाराष्ट्राला सुपरिचित आहे. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढवा येथील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या शिक्षिकेचा शेवट एका आजारी लेकराच्या सेवेत झाला. शिक्षक आणि रुग्ण बालक यांच्या नात्याचे याहून उदात्त उदाहरण सापडणे कठीण.

मात्र त्या काळी साथीपुढे शाळेच्या हाती एकच उपाय होता. शाळा बंद करणे व आजारी मुलाला दूर ठेवणे. यात बाकीच्या मुलांचे रक्षण होई, पण आजारी मुलाच्या वाट्याला एकांतच येई.

‘देवी काढणे’ ते सामुदायिक लसीकरण

दुसरे उत्तर लसीने दिले. मुंबईत १४ जून १८०२ रोजी हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली. पुढे ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग घराघरांत रुजला. दंडावरचे ते व्रण आजच्या आजी-आजोबांच्या पिढीची ओळखच झाले. डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस टोचणारा आला की मुले वर्गाच्या खिडक्यांतून पळ काढीत, आणि त्यांना धरून आणण्याचे काम गुरुजींना करावे लागे, अशा आठवणी गावोगावच्या वृद्धांनी सांगितल्या आहेत.

लस सर्वांना सारखी. तपासणी मात्र एकेका मुलाची करावी लागते. याचा आरंभ एका मराठी राजाच्या राजधानीत झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा शहरात १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. १९४६ च्या भोर समितीने व १९६१ साली अहवाल देणाऱ्या रेणुका राय समितीने ही सेवा सर्वत्र व्हावी असा आग्रह धरला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावची प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा कारभार एकाच छत्राखाली आला. त्यामुळे लसीकरणाला वेग मिळाला. देशातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमांचे फळ म्हणून २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

याच मालिकेत ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माते यांची फिरती पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वादींची कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब या चार अंगांनी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करू लागली. २०१५ पासून जंतनाशक दिनी जंताची गोळी मुलाला शिक्षकांच्या देखत चावून खावयास दिली जाते, आणि त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती देऊ नये असा नियम आहे. नियम लहान, पण अर्थपूर्ण. गोळी सर्वांसाठी असली तरी देण्यापूर्वी त्या एका मुलाकडे पाहावेच लागते.

या परिसरात हे पाहणे अधिकच अगत्याचे आहे. शिरूर व दौंडच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने दूरदूरच्या प्रांतांतील कामगार आणले. मूल आई-बापांबरोबर येते, त्याचे लसीकरणाचे कार्ड मात्र पुष्कळदा गावी राहते. अशा मुलाचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

वावडे : जुना शब्द, नवे आव्हान

साथी ओसरल्या तेव्हा एकेका मुलाचे वेगळे दुखणे दिसू लागले. १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द योजला. घोड्याच्या रक्तजलाचा दुसरा डोस दिल्यावर काही मुलांच्या शरीराची प्रतिक्रिया निराळी व तीव्र होते, हे त्यांनी पाहिले होते. मराठी घरांत यासाठी ‘वावडे’ हा शब्द पूर्वापार आहे. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे वावडे, हे आजीबाईंना ठाऊक होते. दाण्याचे कूट बहुतेकांना पुष्टी देते, पण एखाद्याच मुलाचे ओठ त्याने सुजतात, श्वास अडतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत मैत्रीने दिलेला एक घास असा संकट ठरू शकतो.

पुणे जिल्ह्याचा तर या विषयाशी दुर्दैवी संबंध आहे. गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, त्याची भारतातील शास्त्रीय नोंद १९५६ साली पुण्यातून प्रसिद्ध झाली. आयात गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. आज बांध, कालवे, रस्त्यांच्या कडा व शाळांची मैदाने त्याने व्यापली आहेत. त्याच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ येते, परागाने सर्दी व दमा बळावतो. पावसाळ्यात शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास हे गवत फोफावते. मैदान-स्वच्छतेच्या उत्साहात मुलांच्या उघड्या हातांनी ते उपटून घेतले जाते, हे थांबले पाहिजे.

अज्ञानाचे तणही असेच चिवट असते. दम्याच्या पंपाची सवय लागते या समजापायी तो दप्तरात दिला जात नाही. आकडी आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरली जाते. वास्तविक त्याला कुशीवर वळवून तोंडात काहीही न घालणे हेच योग्य.

समाजाची परंपरा आणि पुढील कर्तव्य

औषधदानात जैन समाज मागे नाही. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने अहिल्यानगर येथे उभे राहिलेले रुग्णालय शिरूरकरांना परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. पुणे-शिरूर मार्गावरील वाघोलीचा प्रकल्प त्याची साक्ष देतो. इतक्या मुलांचे पालकत्व घेणे म्हणजे पुस्तकांबरोबर त्यांची दुखणी-खुपणीही स्वीकारणे होय.

आता गरज आहे ती इमारतीची नव्हे, नोंदीची. प्रत्येक मुलामागे एक पान असावे. त्याला कशाचे वावडे आहे, कोणते औषध कोणत्या वेळी घ्यावयाचे आहे, संकटाची लक्षणे कोणती आणि प्रथम कोणाला कळवावयाचे. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय व पालकांच्या सहीशिवाय देऊ नये. ते मूळ वेष्टनातच असावे. दिल्याची वेळ लिहावी. श्वास अडला, चेहरा सुजला तर घरच्यांची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे.

जैन पालकांनी आणखी एक गोष्ट कळवावी. पर्युषणात लहान मुलेही हौसेने एकासना वा उपवास करतात. अशा दिवशी लोहाची अथवा जंताची गोळी उपाशीपोटी दिली जाऊ नये म्हणून वर्गशिक्षकांना आधी चिठ्ठी द्यावी. दमा, मधुमेह वा आकडीचे औषध चालू असलेल्या मुलाने तर वैद्यकीय सल्ल्याविना उपवास करूच नये. पच्चक्खाणात पूर्वाचार्यांनी आगार ठेवले आहेत, आणि आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. व्रताची ही करुणा पालकांनी विसरू नये.

साथीच्या काळात शाळेने आजारी मुलाला दूर ठेवले, लसीच्या काळात सर्वांना एका रांगेत उभे केले. आता त्या रांगेतील एकेकाला नावानिशी ओळखावयाचे आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त, शिक्षक व पालक यांनी मिळून आपापल्या शाळेत अशी नोंदवही सुरू केली, तर शास्त्रदान व औषधदान एकत्र येतील. आणि सकाळी मुलाला शाळेच्या दारात सोडून परतणाऱ्या आईच्या मनातील धास्ती दूर झाली, तर चौथे दान, अभयदान, तेही त्यातच घडेल.