पुण्याची रेसिडेन्सी : एका वकिलातीची घडण

सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले, तरी पुण्याच्या दरबारात कंपनी सरकारचा कायमचा वकील, म्हणजे रेसिडेंट, येऊन बसण्यास आणखी चार वर्षे जावी लागली. हा तह महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने झाला होता आणि इंग्रज पेशव्यांशी परभारे बोलू लागले तर ती मध्यस्थी निरर्थक ठरेल हे महादजी ओळखून होते. म्हणून या पदासाठी निवडलेल्या चार्ल्स मॅलेट याला १७८५ मध्ये आधी उत्तर हिंदुस्थानात जाऊन त्यांचे मन वळवावे लागले आणि त्यानंतरच मार्च १७८६ मध्ये तो पुण्यात दाखल झाला.

नव्या वकिलातीच्या रचनेतला सर्वांत मोलाचा निर्णय ती कोणाच्या हुकमतीत राहणार हा होता. १७७२ पासून पुण्यात राहिलेला इंग्रज वकील टॉमस मॉस्टिन मुंबईकरांचा, म्हणजे कंपनीच्या मुंबई सरकारचा, माणूस होता, आणि याच मुंबईकरांनी पुढे १७७५ मध्ये कलकत्त्याची संमती न घेता पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या रघुनाथरावांशी सुरतेचा तह करून युद्ध ओढवून घेतले होते. हा अनुभव जमेस धरून मॅलेट मुंबईच्या सेवेतला असूनही त्याला कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या अधिकाराखाली ठेवण्यात आले, त्यामुळे पुण्याचे राजकारण मुंबईच्या हातून निसटले. पुढील इतिहासाच्या दृष्टीने मॅलेटच्या स्वभावापेक्षा ही व्यवस्थाच अधिक निर्णायक ठरली असे म्हणावे लागते.

वकिलातीतील माणसे मोजकीच होती. रेसिडेंटच्या हाताखाली जोशुआ उथॉफ हा सहायक होता, आणि मॅलेट १७९७ मध्ये गेल्यावर नवा रेसिडेंट येईपर्यंत त्यानेच कारभार सांभाळला, यावरून सहायकाचे पद केवळ लेखनिकाचे नव्हते हे दिसते. क्रूसो हा शल्यवैद्य होता. दरबारांमधील औपचारिक पत्रव्यवहार फारसीत चाले, तर पेशव्यांचे दफ्तर मोडी लिपीतल्या मराठीत असे. त्यामुळे फारसी पत्रे लिहिणारे मुनशी आणि दरबाराच्या बातम्या टिपणारे अखबारनवीस यांच्यावाचून रेसिडेंट आंधळाच राहिला असता. मॅलेटच्या पदरी असलेले नूरुद्दीन हुसेन खान हे अशा एतद्देशीय जाणकारांपैकी होते, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात या वर्गाची उपेक्षा झाली आहे, ती दूर होणे अगत्याचे आहे.

वकिलातीला जागा मिळाली ती मुळा-मुठेच्या संगमावर, शहराबाहेर. येथूनच मॅलेटने टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाची बोलणी पार पाडली. पुढे वसईच्या तहाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशव्यांनी स्वतःच्या खर्चाने सुमारे सहा हजार पायदळाची तैनाती फौज पत्करली, तेव्हा मूठभर माणसांच्या या वकिलातीमागे कायमचे सैन्य उभे राहिले आणि रेसिडेंट हा पाहुणा न राहता पेशव्यांच्या कारभारावरचा नियंत्रक झाला. संगमावरील ती इमारत ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठा सैन्याने जाळली.