फंदींच्या संगमनेरातून तमाशाचा माग

शिर्डी, शनिशिंगणापूर, भंडारदरा आणि जमलंच तर नगरचा भुईकोट किल्ला. आपल्या जिल्ह्यात आलेला पाहुणा एवढं पाहून परत जातो. पुणे-नाशिक रस्त्यावरचं संगमनेर त्याला चहापुरतं माहीत असतं. तमाशाचा माग काढायचा तर मात्र गाडी इथेच थांबवावी लागते.

शाहीर अनंत फंदी इथले. आडनाव घोलप, जन्म १७४४. १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला खर्ड्याला हरवलं, त्या लढाईवर फंदींचा पोवाडा आहे. खर्डा आपल्याच जामखेड तालुक्यातला. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडीही त्याच तालुक्यात. ब्राह्मणाने तमाशा करणं अहिल्याबाईंना रुचलं नाही, म्हणून फंदींनी डफ टाकून कीर्तन धरलं, असं सांगतात. सांगणाऱ्यांनी त्यात कितीही भर घातली असली, तरी एक गोष्ट त्यातून कळते. गर्दी करून तमाशा पाहायचा आणि त्याला नाकंही मुरडायची, ही आपली रीत तेव्हापासूनची आहे. आज फंदींच्या नावाचं नाट्यगृह संगमनेरात आहे, व्याख्यानमालाही चालते.

पुढची खूण तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथे. पवळा या गावची, महार समाजातली. नाच्या पोऱ्याच्या जागी बाई बोर्डावर उभी राहिली त्या काळातलं हे पहिल्या फळीचं नाव. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, जात-घर सोडून तमाशात आले आणि त्यांची लेखणी व पवळाचा गळा-पाय एकत्र आले. गण झाला, गवळण झाली, ढोलकीवाल्याने थाप बदलली की पवळा पुढे यायची आणि पब्लिक तिच्यासाठी थांबलेलं असायचं. मुंबईच्या थेटरांपर्यंत या जोडीने तमाशा नेला. बापूरावांच्या नावावर १९५० मध्ये चित्रपट निघाला. पवळाचं नाव मात्र बहुतेक वेळा त्यांच्या मागून, जोडीला म्हणूनच येतं. हा अन्याय आहे, आणि तो दूर करायचं काम पहिल्यांदा आपल्या जिल्ह्याचं आहे.

तिसरी खूण अगदी अलीकडची. तुकाराम खेडकरांच्या फडात गाजलेल्या कांताबाई सातारकरांनी त्यांच्या पश्चात स्वतःचा फड उभा केला, वगात पुरुषांच्या भूमिकाही वठवल्या आणि संगमनेर हेच घर मानलं. २०२१ मध्ये करोनाने त्या गेल्या. मुलगा रघुवीर खेडकर यांनी फड पुढे चालवला.

एवढी परंपरा असून पाहुण्याला दाखवायला इथे फारसं काही का नाही? फडाला गाव नसतं, हे त्याचं एक कारण. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत जत्रांमागून फिरतो. कनात, राहुट्या, पेट्या, जनरेटर सगळं ट्रकात. सुपारी ठरवायला गावकरी नारायणगावला जातात. रात्री जिथे रंगमंच होता तिथे सकाळी खुंट्यांची भोकं उरतात.

पण हे कारण पुरतं पटत नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये १८९२ साली प्रार्थनेसाठी बांधलेलं रायमन सभागृह १९४३ पासून १९७४ पर्यंत तिथल्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचं घर होतं. पुढे ते जपलं गेलं, आणि आज लोक तिकीट काढून ते बघतात. तेही खेड्यातलंच, शहरी लोकांनी हिणवलेलं संगीत. आपल्याकडे कांताबाईंची वेशभूषा, जुनी ढोलकी, वगांच्या वह्या ठेवायला संगमनेरात एक दालन व्हायला काहीच हरकत नाही. जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव मिळालं. पवळाच्या गावी निदान रस्त्यावर ठळक पाटी लागावी.

तोवर एक करा. पौष-माघात या बाजूला आलात, तर आज फड कुठे लागलाय एवढं विचारा, तिकीट काढा आणि वग संपेपर्यंत बसा.