नाण्याचा कायदा कोणाच्या पैशावर लिहिला जातो?

क्रिप्टोची जाहिरात आपल्या तरुणांना सांगते: बँक नको, सरकार नको, मध्यस्थ नको. मग सरकार नको म्हणणाऱ्या कंपन्या सरकारच्याच दारात लाखो डॉलर का ओततात? याचं उत्तर अमेरिकेतल्या कॉइनबेसच्या अलीकडच्या इतिहासात आहे.

2012 साली सुरू झालेली ही कंपनी एप्रिल 2021 मध्ये नॅस्डॅक शेअर बाजारात उतरली. त्याच वर्षी पायाभूत सुविधांच्या विधेयकात, क्रिप्टो व्यवहारांची माहिती कर खात्याला देण्याचं कलम आलं. ते सौम्य करण्यासाठी उद्योगाने धावपळ केली, पण जमलं नाही. नोव्हेंबरमध्ये कायदा झाला. या उद्योगाने त्यातून धडा घेतला. 2020 मध्ये कॉइनबेसचा वॉशिंग्टनमधला लॉबिंगचा खर्च काही लाख डॉलर होता; 2022 मध्ये तो 30 लाखांच्या पुढे गेला.

हे आकडे आपल्याला कळतात, कारण 1995 च्या कायद्याने लॉबिंगचा खर्च जाहीर करणं बंधनकारक आहे. दर तीन महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो. कोणत्या विधेयकावर, संसदेत की कोणत्या खात्यात लॉबिंग केलं, हे त्यात असतं. पण नेमक्या कोणत्या खासदाराला भेटले आणि काय बोलणं झालं, हे सांगायची सक्ती नाही.

आणि लॉबिंग ही लहान थैली. मोठी थैली निवडणुकीची. 2010 च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर कंपन्यांना उमेदवारांपासून 'स्वतंत्र' प्रचारावर अमर्याद खर्च करता येतो. 2024 च्या निवडणुकीसाठी 'फेअरशेक' या गटात कॉइनबेसने 4 कोटी डॉलरांहून अधिक घातले. सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष शेरॉड ब्राउन क्रिप्टोचे कडक टीकाकार होते. ओहायोत त्यांच्या विरोधात या गटाने सुमारे 4 कोटी डॉलर खर्च केले. जाहिरातींत क्रिप्टोचं नावसुद्धा नव्हतं. ब्राउन पडले.

जून 2023 मध्ये शेअर बाजार नियामकाने कॉइनबेसवर भरलेला खटला सत्तांतरानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला. जुलै 2025 मध्ये स्टेबलकॉइनचा कायदा झाला. यात लाच दिली असं मी म्हणत नाही. सगळं कायदेशीर होतं, आणि खरी चिंता तीच आहे.

आता कुणी म्हणेल, बिटकॉइनची संख्या ठरलेली आहे, आणि चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये असं बाबासाहेबही सांगत होते. खरं आहे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या 1923 च्या ग्रंथात त्यांनी हेच मांडलं. पण तेवढंच उचलून चालणार नाही. रुपया घसरला की निर्यातदाराला नफा होतो आणि तो मजुराच्या खिशातून येतो, कारण भाव वाढतात तशी मजुरी वाढत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. नाण्याच्या प्रत्येक नियमाला त्यांचा प्रश्न एकच होता: कोणाचा फायदा, कोणाच्या जिवावर?

आणि हा प्रश्न त्यांनी बंद दाराआड विचारला नाही. 1925 मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी लेखी निवेदन दिलं, उलटतपासणीला तोंड दिलं. ती साक्ष छापली गेली. आज कुणीही वाचू शकतो. त्यांच्या हातात थैली नव्हती, अभ्यास होता.

भारतात तर लॉबिंगचा खर्च जाहीर करायला लावणारा कायदाच नाही. निवडणूक रोख्यांचा पडदा फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाडला, तेव्हा कुठे नावं दिसली. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व मतपेटीपाशी संपत असेल आणि कायदा लिहिताना थैलीचं वजन मोजलं जात असेल, तर बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत दाखवलेली विसंगती आजही जिवंत आहे.

म्हणून क्रिप्टो घ्यावं की नाही, यावर वाद घालण्याआधी आपल्या चळवळीने एक मागणी लावून धरावी: कायद्यासाठी कोण कोणाला भेटतं आणि किती खर्च करतं, ते जनतेपुढे मांडा.

जय भीम!